गुणसूत्रांची साक्ष

१९५७ साली नॉर्वेमधील लेइफ हिलेस्टाड या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. तिघांनाही तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला होता. परंतु रोगाची गती विलक्षण होती. रक्तस्राव सुरू होई, तो आवरता आवरत नसे, आणि अवघ्या काही आठवड्यांत सारे संपे. तीव्र ल्युकेमियाच्या प्रकारांत हा सर्वांत घातक दिसतो, असे हिलेस्टाड यांनी नमूद केले. आज त्याच प्रकाराची गणना हमखास बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगांत होते. हा पालट औषधांमुळे झाला हे खरेच. पण कोणते औषध कोणाला द्यावयाचे, हे ज्या निदानाने ठरते त्याची कथा औषधाच्या कथेइतकीच मोलाची आहे.

‘ल्युकेमिया’ हे नाव रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ साली रूढ केले. त्याचा अर्थ एवढाच की पांढरे रक्त. रोगाचे मूळ असते हाडांच्या पोकळीतील मज्जेत. तेथे रक्तपेशी जन्मतात, वाढतात, आणि जाणत्या झाल्या म्हणजे रक्तप्रवाहात उतरतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात काही पेशी बाल्यावस्थेतच अडकून पडतात. त्यांची वीण मात्र थांबत नाही. निरोगी पेशींना मज्जेत जागा उरत नाही. मग रुग्ण फिकट पडतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उमटतात. डॉक्टर रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरीत, रंगवीत, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून पेशींचे रूप पाहून रोगाचा प्रकार ठरवीत. १९७६ साली फ्रेंच, अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांनी मिळून या रूपांची वर्गवारीही लावून दिली. परंतु रूप सारखे असलेले दोन रुग्ण सारख्याच औषधाने सारखेच बरे होत नसत. एक उठून घरी जाई, दुसरा जात नसे. आणि का, ते काचपट्टी सांगत नसे.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात ही साधी गोष्टदेखील १९५६ साली निश्चित झाली. त्यानंतर शिकागो येथील जॅनेट राउली यांनी ल्युकेमियाच्या पेशींतील गुणसूत्रांचा ध्यास घेतला. गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवीत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुले थट्टा करीत. त्या खेळातून १९७३ साली निघाले ते असे की काही रुग्णांत आठव्या व एकविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. १९७७ साली त्यांनीच हिलेस्टाडवर्णित प्रकारात पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांची अशीच अदलाबदल दाखवून दिली. गुणसूत्रांतील बिघाड हा रोगाचा परिणाम असावा, कारण नव्हे, असे त्या काळी पुष्कळांचे मत होते. ते मागे पडावयास बराच अवधी लागला.

ही तपासणी घडते कशी, ते पाहण्यासारखे आहे. कमरेच्या हाडाची मागील बाजू बधिर करून सुईने मज्जा ओढून घेतात. पेशी एखाददोन दिवस पोषक द्रवात वाढू देतात. गुणसूत्रे सुटी व ठसठशीत दिसतात ती पेशी विभागत असतानाच. म्हणून विभागणी नेमक्या त्या क्षणी रोखण्यासाठी कोल्चिसिन किंवा त्याच्याच कुळातील द्रव्य घालतात. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात असते तेच हे विष. पुढे मिठाच्या सौम्य द्रावणात पेशी फुगवितात, काचपट्टीवर फोडतात, रंगवितात, आणि साधारणतः वीस पेशींतील गुणसूत्रे एकेक करून जुळवितात. हे काम घाईचे नाही. उत्तरास आठवडाही लागतो. ठरावीक जोडणीच तेवढी शोधणाऱ्या फिश व पीसीआर या तपासण्या एकदोन दिवसांत उत्तर देऊ शकतात.

इकडे शांघाय येथे वांग झेन्यी यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीला जीवनसत्त्व ‘अ’चा नातलग असलेले ट्रान्स-रेटिनोइक अम्ल दिले आणि ती बरी झाली. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचे वृत्त दिले. सर्वांचा रोग ओसरला होता, फक्त एकाला दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागली. आश्चर्य असे की हे औषध पेशी मारीत नाही, त्यांना वयात आणते. १९९० च्या सुमारास याचा उलगडा झाला. सतराव्या गुणसूत्रावरील जो जनुक तुटतो, तो याच अम्लाचा संदेश स्वीकारणारा होता. तुटलेला भाग पंधराव्यावरील जनुकाशी जुळतो आणि पेशीची वाढ अडवून धरतो. औषध आधी सापडले, कारण मागाहून. पुढे चीनमधूनच आर्सेनिक ट्रायऑक्साइड आले. आपल्या वैद्यांना सोमल या नावाने ठाऊक असलेले जहर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ ते २००४ या काळात ७२ नव्या रुग्णांवर केवळ याच औषधाने उपचार झाले, आणि शेकडा ८६ जणांचा रोग ओसरला. २०१३ साली युरोपातून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही औषधे एकत्र दिली असता, दोन वर्षांनी शेकडा ९७ रुग्ण रोग न उलटता जिवंत होते.

इतर प्रकारांत इतके सुदैव नाही. आठ-एकवीसची अदलाबदल किंवा सोळाव्या गुणसूत्रातील उलटापालट नेहमीच्या केमोथेरपीला चांगली दाद देते. सातवे गुणसूत्र गहाळ असले, किंवा अनेक गुणसूत्रांचा गोंधळ असला, तर दात्याच्या मज्जापेशींचे रोपण करण्याचा विचार लवकरच करावा लागतो. प्रौढ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रे वरकरणी निर्दोष दिसतात. तेथे जनुकांची अक्षरे वाचावी लागतात. ‘एफएलटी३’ या जनुकात दोष आढळला, तर त्यावरील खास औषधे आता उपलब्ध आहेत. पूर्वी मज्जेत अपक्व पेशी शेकडा किती, यावर सारे अडे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा २० केली आणि काही जनुकीय प्रकारांना तीतूनही सूट दिली. २०२२ साली दोन नवी वर्गीकरणे निघाली. त्यांचे या आकड्यावर पुरते एकमत नाही. निदानाचे शास्त्र अजून जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरी कसोटी लागते ती हिलेस्टाड यांच्या प्रकारातच. येथे आजही मृत्यू ओढवतो तो बहुधा पहिल्या काही दिवसांत, आणि पुष्कळदा मेंदूत रक्तस्राव होऊन. गुणसूत्रांची तपासणी गावोगावी होत नाही. नमुना शहराकडे जातो, आणि तेवढा वेळ रोग देत नाही. म्हणून येथे जुन्या काचपट्टीलाच पुन्हा मान द्यावा लागतो. पेशीत खच्चून भरलेले कण दिसले, काटक्यांच्या मोळीसारख्या सळया दिसल्या, रक्त गोठण्याच्या तपासण्या बिघडलेल्या आढळल्या, की जनुकाच्या उत्तराची वाट न पाहता रेटिनोइक अम्लाची पहिली कॅप्सूल त्याच दिवशी द्यावी, असा दंडक आहे. सोबत रक्तबिंबिका आणि गोठण्यास लागणारी द्रव्ये शिरेवाटे चढवितात. नमुना तोवर वाटेतच असतो. दोन दिवसांनी उत्तर येते. जोडणी सापडली नाही, तर कॅप्सूल थांबवून रोगाचा शोध पुन्हा सुरू होतो. सापडली, तर तिच्या जोडीला सोमल येतो.