भार पेलणारी यंत्रणा : कसोटी कशी घ्यावी?
(भाषणाचा सारांश)



नवा पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी त्यावर भार देऊन पाहतात. नागरिकांना सेवा देणाऱ्या संकेतस्थळामागील सर्व्हरलाही हाच न्याय लागू आहे.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ सुरू झाले. एकाच वेळी ५० ते ६० हजार लोक येतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे अडीच लाख आले, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. सर्व भाग एकत्र जोडून घ्यावयाची चाचणी केवळ अखेरच्या दोन आठवड्यांत झाली होती, अशी साक्ष कंत्राटदारांनी संसदीय समितीपुढे दिली. दोष केवळ गर्दीचा नव्हता, पूर्वतयारीचाही होता.

विश्वासार्ह चाचणीसाठी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. चाचणीचा सर्व्हर व त्यातील नोंदींची संख्या प्रत्यक्षासारखीच असावी. कृत्रिम विनंत्या पाठविणारा संगणक स्वतंत्र असावा. अन्यथा त्याचाच भार मोजला जातो. केवळ मुखपृष्ठ वारंवार मागवून भागत नाही. अर्ज भरणे, नोंद शोधणे, माहिती साठविणे ही खरी कामे करून पाहावीत.

रेशन दुकानात आधीच्या ग्राहकाचे काम संपेपर्यंत पुढचा ग्राहक घरीच थांबत नाही. तो रांगेत येऊन उभा राहतो. म्हणून उत्तराची वाट न पाहता विनंत्या ठरलेल्या गतीने येत राहिल्या पाहिजेत. नाहीतर तुंबलेली रांग चाचणीत दिसतच नाही.

सरासरीवरही विसंबू नये. १०० पैकी ९५ जणांना १ सेकंदात आणि ५ जणांना ४० सेकंदांनी उत्तर मिळाले, तर सरासरी सुमारे ३ सेकंद येते. ताटकळलेले पाच जण त्या आकड्यात हरवतात. चुकीचा संदेश झटपट आला, तर तेही यश नव्हे. पूर्ण झालेली कामेच मोजावीत.

भार टप्प्याटप्प्याने वाढवून यंत्रणा कोठे कोलमडते ते नोंदवावे, एका वेळी एकच बदल करावा आणि चाचणी पुन्हा घ्यावी. अमेरिकेतील त्या संकेतस्थळाला एकाच वेळी ५० हजार लोकांचा भार पेलण्यास समर्थ करण्यात पुढचे दोन महिने गेले. अर्जाच्या अखेरच्या तारखेला संगणकापुढे बसलेल्या शेतकऱ्याला वा विद्यार्थ्याला एवढी सवड नसते. म्हणून कसोटीसाठी लागणारे दिवस कामाच्या वेळापत्रकातच राखून ठेवावेत.