प्रसूती रुग्णालयात, शुश्रूषा घरात



पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. शेकशेगडी, तेलमालीश, डिंकाचे लाडू यांतून बाळंतिणीला मिळणारा मायेचा आधार अनमोल आहे. परंतु प्रसूती घरी व्हावी की रुग्णालयात, याचे उत्तर केवळ मायेने देता येत नाही. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाल्यास अवघ्या दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. हा प्रसंग कोणावर ओढवेल, हे आधी निश्चित सांगता येत नाही. आणि रक्ताची वा शस्त्रक्रियेची सोय घरात नसते.

समाजाने हे ओळखले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील ६४.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेले.

मग घराचे महत्त्व संपले काय? मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. बाळाचा श्वास, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्ग यांकडे त्या घरी जाऊन लक्ष देत. ३९ गावांतील या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

तेव्हा प्रसूती रुग्णालयात व्हावी आणि शुश्रूषा घरात. डोहाळजेवणाचा बेत आपण ज्या उत्साहाने आखतो, त्याच दक्षतेने वाहन, सोबतचे माणूस आणि रक्तदाता आधी ठरवून ठेवणे, हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य होय.