परदेशी निघालेल्या मुली



१८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा मुलीने परदेशी जावे की नाही, हाच वाद होता. आजचा प्रश्न निराळा आहे: ती कोणत्या कागदावर जाते?

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८३ साली, परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी कायदा झाला. दहावी न झालेल्या मुलीला आखाती देशांत नोकरीस जायचे, तर सामान्यतः सरकारी परवानगी लागते. घरकामास जाणारीला वयाची ३० वर्षांची अटही घातली गेली. ती चुकवण्यासाठी दलाल तिला भेटीच्या व्हिसावर पाठवतो आणि तिथेच घात होतो. तो व्हिसा कामाचा नव्हे; मजुरी बुडाली तर दाद कशाच्या जोरावर मागणार?

म्हणून दलालाचा सरकारी परवाना आधी पाहावा. करार समजल्यावाचून सही करू नये. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो मालकाच्या हाती देऊ नये. दोन्हींच्या नकला घरी ठेवाव्यात, वकिलातीचा पत्ता जवळ बाळगावा.

तोंडी शब्दावर राबू नये, हे कामगार चळवळीने आम्हांला शिकवले. मुलींना अडवू नका. कागद वाचायला शिकवून पाठवा.