कुलूप कुणी लावलं?

(शाळा व्यवस्थापन समित्यांवरील महिला सदस्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो,

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असं ठरवलं. २२ वं कलम सांगतं की शाळेचा विकास आराखडा या समितीनंच तयार करायचा. त्यामुळे इथे बसलेल्या प्रत्येकीची त्या कागदावर सही असणार आहे. सही करायच्या आधी त्यात अडचण म्हणून काय लिहिलंय, ते नीट वाचायला शिकू या. आज मी एवढ्यावरच बोलणार आहे.

आराखड्यात नेहमी सापडणारी तीन वाक्यं सांगते. 'मुलींची गळती जास्त आहे.' 'पालक उदासीन आहेत.' 'स्वच्छतागृह हवे.' पहिलं वाक्य परिणाम सांगतं, दुसरं आरोप करतं, तिसरं मागणी करतं. कारण तिन्हींत कुठेच नाही. आणि कारण माहीत नसताना केलेला खर्च हा अंधारात मारलेला दगड असतो.

एका गावात सातवीच्या मुली दर महिन्याला चार-पाच दिवस गैरहजर असत. आराखड्यात 'मुलींसाठी नवे स्वच्छतागृह' असं लिहून तयार होतं. आम्ही म्हटलं, थांबा, आधी हजेरीपट काढू. कोणती मुलगी, कोणते दिवस, हे बोट ठेवून पाहिलं. मग मुलींशी एकट्याने बोललो, त्यांच्या आयांशी वेगळं बोललो. मुली पाळीच्या दिवसांत घरी राहत होत्या. का? शाळेत स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप होतं. कुलूप का? आत घाण होती. घाण का? पाणी नव्हतं. पाणी का नाही? वीजबिल थकल्यानं मोटार बंद होती. बिल का थकलं? शाळा म्हणे ग्रामपंचायतीनं भरावं, पंचायत म्हणे शाळेनं. नवं स्वच्छतागृह बांधलं असतं, तर गावात एक कुलूप आणखी वाढलं असतं.

आम्ही आणखी एक 'का' विचारला. एवढे दिवस ही गोष्ट समितीच्या बैठकीत का आली नाही? बैठकीला बायकाच नव्हत्या. रजिस्टर घरी पाठवून त्यांच्या सह्या घेतल्या जात होत्या. पाळीबद्दल बोलू शकणाऱ्या निम्म्या सदस्य कागदावर होत्या, खोलीत नव्हत्या. मूळ तिथे होतं. म्हणून त्या आराखड्यात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: वीजबिल कुणी भरायचं याचा ग्रामपंचायतीचा लेखी ठराव, आणि बायकांना रानातून परतल्यावर जमेल अशी बैठकीची वेळ.

एकामागून एक 'का' विचारण्याची ही रीत जपानमधल्या टोयोटा कारखान्यामुळे जगभर माहीत झाली. तिथे यंत्र अडलं की पाच वेळा 'का' विचारतात. पण आपल्याला ती परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभीच शूद्रांच्या हलाखीचं मूळ एकेका पायरीनं अविद्येत दाखवलं आहे. आकडा पाचच हवा असंही नाही. जिथे आपल्याला हात घालता येतो, तिथवर जायचं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, लवकर थांबण्याचा. 'आईबापच अडाणी' म्हटलं की पुढचा प्रश्नच संपतो. उत्तरात माणसाला दोष आला की समजावं, अजून खोल जायचं आहे. आई मुलीला घरी ठेवते, कारण धाकटं मूल सांभाळायला कुणी नाही. मग गावातली अंगणवाडी किती वाजता उघडते आणि किती वाजता मिटते, हा शाळेच्या आराखड्यातला प्रश्न होतो. दुसरा खड्डा आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचा. आपण दुसऱ्याच पायरीला 'पुरुषसत्ता' म्हणतो आणि वही मिटतो. ते खोटं नाही. पण पुरुषसत्ता त्या शाळेत कोणत्या दारानं आत येते, हे सांगितल्याशिवाय सोमवारी सकाळी काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

एक उदाहरण घ्या. आठवी शेजारच्या गावात आहे. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, म्हणजे पैशाची अडचण मिटली असं आपण धरतो. तरी मुली थांबतात. शाळा पाचला सुटते, एसटी पावणेपाचला निघून जाते, पुढची येते अंधारात. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून घरी येतात. मुलगी तशी आली तर गावात बोभाटा होतो आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अडचण एकच, एसटीची वेळ. पण ती मुलग्याचा अर्धा तास घेते आणि मुलीचं शिक्षण घेते. म्हणून प्रत्येक कारणापुढे विचारायचं: हे मुलींना वेगळं लागतं का? दलित वस्तीतल्या, तांड्यावरच्या, अपंग मुलीला आणखी वेगळं लागतं का? आणि मग समितीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जायचं, पंधरा मिनिटं मागायला.

सगळी कारणं समितीच्या हातातली नसतात. त्यांची तीन ढिगांत वाटणी करा. शाळेत सुटणारी, ग्रामपंचायत आणि तालुक्याकडून सोडवून घ्यायची, आणि ज्यासाठी संघटना आणि मोर्चाच लागेल अशी. ऊसतोडीचं स्थलांतर तिसऱ्या ढिगात येतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि सहा महिने मुलं फडावर जातात. उचलीचं ओझं शाळेला फेडता येणार नाही. पण त्यातला एक तुकडा पहिल्या ढिगात येतो: मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करणं.

वेळेवरून सांगते. केंद्राच्या २०१० च्या नियमांप्रमाणे आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. ऊसतोडीचे टोळे दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. डिसेंबरात आराखड्याला बसलात, तर जिची मुलगी सगळ्यात आधी शाळा सोडणार आहे, ती आई तेव्हा फडावर मोळ्या बांधत असेल. तिच्या मुलीची कारणं मागे राहिलेली माणसं लिहितील, आणि लिहितील, 'पालक उदासीन.' म्हणून कारणं शोधायची बैठक दसऱ्याच्या आधी घ्या, आणि ती वस्तीवर घ्या.

शेवटी, प्रत्येक कारणापुढे चार रकाने आखा. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून ओळखायचं. चौथ्या रकान्यात 'बिल भरले' लिहू नका. बिल भरूनही कुलूप तसंच राहू शकतं. तिथे लिहा, 'सातवीच्या मुलींची हजेरी.' तीन महिन्यांनी पुन्हा हजेरीपट काढा. हजेरी वाढली नसेल, तर आपण शोधलेलं कारण अपुरं आहे. मग परत मुलींजवळ बसायचं आणि पुढचा 'का' विचारायचा.

आता गावांप्रमाणे गट करा. हजेरीपट तुम्ही बरोबर आणलेच आहेत. जून महिन्यापासून सुरू करू या.