जात्यापाशी दोन पाट
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मुलांच्या गमती सांगण्यात आम्ही वडीलधारी मंडळी मोठी पटाईत. पण एक गंमत माझ्याच अंगाशी आली.

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळताना त्यांना विठोबा हात देई, ही कथा आमच्या कुटुंबाने पाच वर्षांच्या नातीला एका रात्री सांगितली. सकाळी पाहतो तो अडगळीतील जात्यापाशी दोन पाट मांडलेले. एकावर बाईसाहेब, दुसरा रिकामा, आणि जोंधळे घरभर!

“हळू बोला आजोबा, देव यायचा आहे.”

सायंकाळी पाहुण्यांपुढे मी हे रंगवून सांगितले. सारी बैठक हसली. पोर आईच्या पदराआड दडली, आणि पुढे तीन रात्री तिने गोष्ट मागितली नाही. घर कसे सुने झाले!

चौथ्या सकाळी ती पुन्हा जात्यापाशी दिसली. मी तिची क्षमा मागितली, आणि गुडघे कुरकुरत असताही त्या रिकाम्या पाटावर बसू लागलो. तिने मला नीट न्याहाळले.

“तिथे नका बसू, आजोबा. ती देवाची जागा आहे. तुम्ही सांडलेले जोंधळे वेचा.”

वेचले, अध्यक्षमहाराज!