‘एकच प्याला’ आणि त्याच्या काळची रंगभूमी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आज आपल्या मंडळाचे तरुण सभासद कै. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील दोन प्रवेश करून दाखविणार आहेत. हे नाटक नावाने सर्वांस ठाऊक आहे. परंतु वाचलेले अथवा पाहिलेले फार थोडे. म्हणून पडदा वर जाण्यापूर्वी त्याचा परिचय करून देण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. ज्यांची उभी हयात शाळेच्या घंटेवर गेली, त्या आम्हांस वेळेचे भान आहे. तेव्हा तिसरी घंटा होण्यापूर्वी आम्ही थांबू.

आपल्या प्राचीन नाट्यपरंपरेचा ओढा सुखान्ताकडे. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद विरळाच. मराठीत विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहून नायकाच्या मृत्यूने नाटक संपविण्याचे धाडस केले. इंग्रजी विद्येबरोबर शेक्सपिअर आला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. हे नायक पेशवे, राजपुत्र, सेनानी. गडकऱ्यांचा सुधाकर मात्र आपल्याच आळीत पाटी लावून बसलेला वकील आहे. त्याचे घर आपल्या घरासारखे असल्यामुळेच ते कोसळताना पाहून काळजात चर्र होते.

तो काळ नाटक मंडळ्यांचा होता. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि संगीत नाटकाचा ओघ सुरू झाला. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. अशा मंडळ्या म्हणजे फिरते संसारच. नट, गवई, वादक, आचारी, पडदे, पेटारे असे सारे बिऱ्हाड गावोगाव हिंडे. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. आवडलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ पडे, तेच पद पुनःपुन्हा म्हटले जाई आणि रात्री सुरू झालेला खेळ उत्तररात्र उलटली तरी चालू राही.

अशा या रंगभूमीवर गंधर्व मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. तो पाहण्यास नाटककार हयात नव्हता. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, अवघ्या ३३ वर्षांचे असताना गडकरी निवर्तले होते. नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली. बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू. ज्यांचे भरजरी शालू पाहण्यास प्रेक्षक गर्दी करीत, तेच बालगंधर्व येथे फाटके लुगडे नेसून जात्यावर बसले आणि प्रेक्षागृह रडले.

आता कथानक थोडक्यात. सुधाकर बुद्धिमान, कर्तबगार, पण अतिशय मानी. न्यायालयात खटका उडून त्याची वकिलीची सनद काही काळापुरती जाते. अपमानाने पोळलेल्या या माणसाला त्याचाच कारकून तळीराम दुःख विसरण्यासाठी एकच प्याला घेण्याचा सल्ला देतो. तेथून उतरण लागते. पत्नी सिंधू माहेर सधन असूनही तेथला आधार घेत नाही. लोकांची दळणे दळून चूल पेटती ठेवते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते, सिंधू घायाळ होते. मरतानाही ती नवऱ्याला वाचविण्यासाठी पोलिसांपुढे खोटे सांगते. आणि सुधाकर दारूत विष कालवून शेवटचा प्याला घेतो.

हे नाटक दारूबंदीचे व्याख्यान म्हणून पाहिले तर त्यातील निम्मे हातून निसटते. दारू वाईट, हे सांगण्यास गडकऱ्यांची प्रतिभा नको होती. आमच्या मते या नाटकाचा मर्मभाग दुसरीकडेच आहे. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो. मनापासून सोडतो. कामधंदा शोधीत दारोदार फिरतो. पण ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचे मागचे दिवस. कोणी विश्वास ठेवीत नाही, कोणी हिणवितो. मानी माणसाला तो दुसरा अपमान पहिल्याहून जड जातो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिला प्याला तळीरामाने दिला. दुसऱ्यांदा तो हातात येण्यास भोवतालची प्रतिष्ठित माणसेही कारण झाली. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला आपण पोट धरून हसतो, कारण तेथे आपण नसतो. या प्रवेशाला हसू येत नाही, कारण तेथे आपण असतो.

दुसरी गोष्ट सिंधूची. शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्राने तिच्यासाठी अश्रू ढाळले, तिला पतिव्रतेचा आदर्श म्हटले. तिची निष्ठा थोर, यात शंका नाही. परंतु तिच्या त्या निष्ठेने सुधाकर वाचला नाही, तान्हे मूलही वाचले नाही. नाटकातील सत्याने आपण द्रवावे. त्याचा कित्ता मुलींना गिरवावयास देऊ नये. ज्या घरात लेकीला मार बसतो, त्या घरी तिला ‘सोसून घे, बाळ’ म्हणून परत पाठविणारी माणसे अजूनही आहेत. त्यांनी आज दुसरा प्रवेश नीट पाहावा.

आपले मंडळ विद्यार्थ्यांस पारितोषिके देते, वधूवरांच्या याद्या छापते. ही कामे चांगलीच आहेत. त्यांच्या जोडीला एवढे करता येईल काय? आपल्यातील एखाद्याने व्यसन सोडून दारात पाऊल टाकले, तर मागचे न काढता त्याला बसावयास पाट द्यावा आणि हातास काम द्यावे. एखादी लेक रात्री अवेळी माहेरी आली, तर कारण विचारण्याआधी दार उघडावे. तसे झाले तर नाटक पाहून आलेले डोळ्यांतील पाणी वाया गेले नाही, असे आम्ही समजू.

घंटा होत आहे. आम्ही रंगमंच तरुण मंडळींच्या स्वाधीन करतो.