इंजिन मोकळें होतें म्हणजे काय?

रेणापूरला रेणुकादेवीपुढें नारळ फोडून कोणी नवी मोटार लातूरच्या रस्त्याला लावली, कीं त्याला एक वाक्य हमखास ऐकावें लागतें : “गाडी अजून आखडलेली आहे, दोन हजार किलोमीटर होऊं द्या, म्हणजे मोकळी होईल, आणि मग बघा तिचा जोर!” हें वाक्य ड्रायव्हर म्हणतो, मिस्त्री म्हणतो, आणि ज्यानें जन्मांत कधीं गाडी घेतली नाहीं तोहि म्हणतो. त्यांत खरें किती आणि समजुतीचें किती, हें आज पाहावयाचें आहे.

समजूत जुनी आहे. रेणापूर ज्या हैदराबाद संस्थानांत होतें, तेथें १९३२ सालीं सरकारी बसवाहतूक अवघ्या २७ गाड्यांनिशीं सुरू झाली. त्या काळच्या इंजिनांचें घडकाम आजच्या मानानें ओबडधोबड असे. नवी गाडी पहिले कांहीं दिवस हळूच हांकावी लागे. विलायतेंत तर तिच्या मागल्या कांचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पाटी लावीत. पुढें इंजिनें बदललीं, समजूत तेवढी राहिली.

आंत काय घडतें, तें सांगण्यासाठीं घरांतलें जातें आठवूं या. नुकतें टांकी लावलेलें जातें घ्या. पहिल्या दळणांत कच येते, खुंटा जड फिरतो. म्हणून आधीं कोंडा किंवा हलकें धान्य दळून तें पीठ टाकून देतात. उंचवटे झिजले कीं जातें सुरळीत चालूं लागतें. सिलिंडरच्या आंतल्या भिंतीवरहि कारखान्यांत मुद्दाम तिरप्या, एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत तेल धरून राहतें. पिस्टनवरच्या रिंगा त्या भिंतीवर घासत जातात, रेघांचे उंच कंगोरे घासून सपाट होतात, आणि रिंग भिंतीशीं नीट जुळते. आमचे मिस्त्री याला ‘रिंगा बसल्या’ असें म्हणतात, आणि हा शब्द मला पुस्तकांतल्या शब्दापेक्षां अधिक समर्पक वाटतो.

रिंगा बसल्यानें दोन गोष्टी साधतात. जळलेला वायु रिंगांच्या फटींतून खालीं तेलाच्या कुंडींत निसटत होता, तें प्रमाण कमी होतें. आणि घर्षणांत जो जोर खर्ची पडत होता, तोहि थोडा वांचतो. दोन्ही मिळून चाकांपर्यंत अधिक शक्ति पोहोंचते. तेव्हां मिस्त्रीचें म्हणणें खोटें नाहीं. प्रश्न आहे तो किती, एवढाच. हल्लीं कारखान्यांतच ते कंगोरे आधीं सपाट करून देतात, त्यामुळें शंभर अश्वशक्तींच्या इंजिनांत दोनचारांचा फरक पडला तरी पुष्कळ समजावा. शिवाय पुस्तिकेंत छापलेला शक्तीचा आंकडा हा कारखानदारानें आधीं फिरवून मोकळ्या केलेल्या इंजिनाचा असतो. आपली गाडी मोकळी होते ती त्या आंकड्याच्या जवळ येते, त्यापलीकडे जात नाहीं. युरोपांतल्या धुराच्या तपासणींतहि गाडी आधीं किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी, असा नियम आहे. अमेरिकन सरकारच्या सांगण्याप्रमाणें इंधनाचा पूर्ण हिशेब जुळावयास ५,००० ते ८,००० किलोमीटर लागतात.

मग “गाडी घोड्यासारखी पळूं लागली” असें जें लोक शपथेवर सांगतात, त्याचें काय? येथें आपलें हवामान आड येतें. मे महिन्यांतल्या दुपारीं ४२ अंशांची हवा ही डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहांटेपेक्षां सुमारें एक दशांशानें विरळ असते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ति तेवढ्यानें पांच टक्क्यांच्या आसपास उतरते. अक्षय्यतृतीयेला गाडी घेणाऱ्याला ती मार्गशीर्षांत मोकळी झालेली वाटते, आणि दसऱ्याला घेणारा चैत्रांत मिस्त्रीला दोष देतो! त्यांतच आपला पाय क्लचला सरावतो, तें निराळेंच. खरी परीक्षा यंत्रानेंच करावी लागते. इंजिनाला ब्रेक लावून त्याचा जोर मोजण्याची युक्ति प्रोनी या फ्रेंच अभियंत्यानें १८२१ त काढली, आणि पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्यें असलीं मापनें आजहि होतात.

परंतु दोनचार अश्वशक्तींहून मोठी गोष्ट या दिवसांत पणाला लागलेली असते. माझे एक मामा रेणापूर तालुक्यांत शेती करतात. त्यांनीं जुन्या ट्रॅक्टरचें इंजिन बोअर करून घेतलें. ज्या वर्कशॉपांत काम झालें, तेथें त्यांना बजावलें कीं दोन महिने अजिबात भार घालूं नका. मामांनीं तें अक्षरशः पाळलें. रिकामा ट्रॅक्टर मंद गतीनें गांवांत फिरविला, तासन् तास उभ्या जागीं चालूं ठेवला. मृगाच्या तोंडावर तो निळा धूर ओकूं लागला आणि तेल पिऊं लागला. दुसऱ्या मिस्त्रीला मामांनीं काकुळतीनें विचारलें, “अहो, फुलासारखा वापरला मीं! मग असें कां?” तो म्हणाला, “मामा, फुलासारखा वापरला म्हणूनच.”

रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो जळत्या वायूचा दाब. भारच नसेल तर दाब कमी, आणि रिंग झिजून बसण्याऐवजीं भिंतीवर नुसती घसरत राहते; तेल भाजून तेथें कांचेसारखा चकचकीत थर बसतो. मग रेघा पुन्हां पाडल्यावांचून गत्यंतर नाहीं. डिझेल इंजिनांत हें विशेष घडतें. उलट पहिल्याच दिवशीं पूर्ण नांगर जुंपला तर अति उष्णतेनें भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणून पहिले पन्नासएक तास भार मध्यम असावा, गति सारखी बदलती असावी, उभ्या जागीं फार वेळ चालवूं नये, आणि पहिलें तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या वेळीं न चुकतां बदलावें. झिजलेल्या कंगोऱ्यांची धातूची कच त्यांतच असते.

मामांचा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला तेव्हां सोयाबीनची पेरणी उरकली होती. ती त्यांनीं भाड्याच्या ट्रॅक्टरनें करून घेतली. या खेपेस तो घरीं येतांच त्यांनीं त्याला शेणखताची अर्धी भरलेली ट्रॉली जोडली.